बेटावरचा कुरान्तो

पुएर्तो मोंत,
८ जानेवारी

ती. एदुविना आत्यास,
येसेनियाचा सा. न. वि. वि.

आत्या, आधी खाली बस, मग पुढचं वाच. आमच्या कचेरीकडून पुढच्या महिन्यात बेटावर परदेशी पाहुणे येणार आहेत आणि ते जेवणार आहेत तुझ्या अंगणात! साहेब त्यांना इथल्याच हॉटेलात मासा खाऊ घालणार होते. मी म्हटलं, मासा त्यांना त्यांच्या गावीही मिळतो, इतक्या लांबून येताहेत तर जमिनीत शिजलेला कुरान्तो खाऊ दे. खड्ड्यात तापलेले दगड, त्यावर शिंपले, मग मांस, बटाटे, वर पानं आणि सगळ्यात वर माती, हे ऐकून उर्सुआ साहेबांनी विचारलं की दातांत खडे येत नाहीत का! राजधानीतला, सांतियागोचा माणूस, काय बोलणार.

शेवटी हो म्हणाले, पण पाहुणे नाराज झाले तर सहलींचं काम माझ्याकडून काढून घेणार आणि मला परत फोनपाशी बसवणार. शिवाय बेटावर ते स्वतः येणार, मी इथे कचेरी राखायची. म्हणजे माझी अब्रू तुझ्या खड्ड्यात आहे बघ. दुकानातल्या फोनवर मात्र येऊ नकोस, सगळा गाव कान लावून असतो. पत्रच लिही.

शिंपले ओनोफ्रेकाकांच्याच हातचे हवेत. त्यांना सा. न. लोभ आहेच, या खेपेला थोडा जास्त लागेल.

तुझी,
येसेनिया


क्विंचाव बेट,
१५ जानेवारी

चि. येसेनिया हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून खाली कसली बसते, उभ्या उभ्या ओरडले! शेजारची क्लोरिंदा पिठाच्या हातांनी धावत आली, तिला वाटलं कोणी गेलं. आता तिला माझ्याहून जास्त घाई. म्हणते, परदेशी लोकांसाठी बटाट्याचे मिल्काव लहान लहान थापू या. मी म्हटलं, का गं, त्यांची तोंडं काय चिमणीची असतात?

डुकराचं मांस धुरावर टांगलंय. ओनोफ्रेने दगड निवडायला घेतलेत. माझा भाऊ असला तरी सांगते, एवढ्या लाडाने त्याने कधी बायकोकडेही पाहिलं नसेल. एकेक दगड उचलतो, दुसऱ्यावर आपटून वाजवतो, तडकणारा वाटला की फेकतो. तुझ्या साहेबांना सांग, माती पानांच्या वर असते, दातांत नाही. आणि चांगला कोट घालून येऊ नका म्हणावं.

जेवत जा वेळेवर. तुझ्यावर जीव टाकणारी,
एदुविना आत्या


क्विंचाव बेट,
२८ जानेवारी

चि. येसेनिया हिस, अनेक आशीर्वाद.

या पत्रात चेष्टा नाही. काल रेडिओवर सांगितलं, आपल्या किनाऱ्याला लाल पाणी लागलंय. शिंपल्यांत विष उतरतं आणि शिजवूनही जात नाही, म्हणून ते काढायला बंदी. ओनोफ्रेला सांगितलं तर भडकला. म्हणे, जन्म गेला या खाडीत बुड्या मारण्यात, माझे शिंपले स्वच्छ आहेत, मी आधी खाऊन दाखवतो. मी म्हटलं, तू खाऊन मर, माझ्या अंगणात पाहुण्याच्या पानात एकही पडणार नाही. तर म्हणाला, मग त्याला कुरान्तो म्हणू नकोस, पुरलेली भाजी म्हण. टोपी घातली आणि गेला. आज पाहते तर त्याची होडीही जाग्यावर नाही. खाडीतच गेला असेल, हट्टी मेला.

पोरी, बिनशिंपल्यांचं करू का नको म्हणून कळवू? तुझं काम जाईल या विचाराने घास उतरत नाही. लगेच लिही.

तुझी आत्या


पुएर्तो मोंत,
२ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तू बरोबर केलंस. मी साहेबांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, संपलं, हॉटेलात सांगून टाक. पण पाहुणे कालच उतरलेत, आणि त्यांतल्या एक आजीबाई तेव्हा नेमक्या कचेरीतच होत्या. तोडक्यामोडक्या भाषेत साहेबांना म्हणाल्या, समुद्र बंद असताना त्या घरातले लोक जे खातील तेच आम्ही खाणार. साहेबांचं तोंड बघायला हवं होतंस!

तेव्हा आत्या, खण खड्डा! शनिवारी सगळे येताहेत. काकांची समजूत मी नंतर काढीन.

माया असू दे.
येसेनिया


क्विंचाव बेट,
७ फेब्रुवारी

चि. येसेनिया हिस, पोटभर आशीर्वाद!

कुठून सुरू करू? शनिवारी सकाळी मी आणि क्लोरिंदाने दगड रचून जाळ केला. ओनोफ्रेचा पत्ता नव्हता. पाहुणे आले, साहेब आले, कोट घालूनच. तुझ्या आजीबाई बाह्या वर सारून आमच्यात बसल्या आणि मिल्काव थापायला लागल्या. पहिला फाटला, दुसरा असा जमला की क्लोरिंदा जळली.

दगड लाल होत आले आणि कोणीतरी ओरडलं, होडी! ओनोफ्रे चिखलातून पोती ओढत येत होता. अगं, खाडीत नव्हताच गेला तो. पार उत्तरेला, जिथलं पाणी खुलं आहे तिथे गेला होता. पोत्यांना तपासणीच्या शिक्क्याच्या चिठ्ठ्या बांधलेल्या. माझ्यापुढे टाकली आणि म्हणाला, वाच. मी वाचलं. मग खड्ड्यात डोकावून म्हणाला, हे दगड कोणी रचले, कोंबडीने? एवढ्यावर आमचं भांडण मिटलं. मी तोंड फिरवून डोळे पुसले, धूर होताच म्हणा.

निखारे ओढून शिनाणे, तिसऱ्या असे सगळे शिंपले दगडांवर ओतले, तसा असा चरचराट झाला की पाहुणे मागे सरले. मग मांस, कोंबडी, शेंगा, बटाटे, मिल्काव, मध्ये मध्ये नाल्काची छत्रीएवढी पानं, वर मातीसकट गवताचे थर. वाट पाहताना कोणाला बसवेना. उघडल्यावर वाफेत माणसं दिसेनाशी झाली आणि सगळे एकदम ओरडले. साहेबांनी काटा मागितला. ओनोफ्रेने त्यांच्या हातात उघडा शिंपला दिला. रस कोपरापर्यंत ओघळला, कोट गेला कामातून, आणि साहेब म्हणाले, अजून आहे?

जाताना मला म्हणाले, बाई, उन्हाळा संपेपर्यंत दर शनिवारी पाहुणे आणू का? मी लगेच हो म्हटलं नाही. त्यांच्या पेल्यात गरम रस्सा ओतला आणि म्हटलं, आणा, पण पाहुण्यांबरोबर माझी पोर येईल. ते म्हणाले, मग कचेरीत फोन कोण घेणार? ओनोफ्रे म्हणाला, तुम्ही आहात की! साहेबांचं पोट इतकं भरलं होतं की त्यांना वादही घालता आला नाही. मान हलवून हो म्हणाले.

तेव्हा येत्या शनिवारी पहिल्या बोटीने ये, जुने कपडे घालून. लोभ आहे तसाच ठेव, भूक मात्र वाढवून आण.

तुझी,
एदुविना आत्या