आत्याचा कुकर मीच उघडतो

बिल्बाओ, रविवार

प्रिय आई,

तू आणि बाबा सुखरूप असाल. मीही धडधाकट आहे, देवाची कृपा.

ज्यासाठी तू मला इथे पाठवलंस, तो एउलालिया आत्याचा मोडलेला पाय आता बरा झाला. ती जिना चढते, बाजारात घासाघीस करते. तिच्यासाठी कुकर मीच निवडला. झाकण दुकानातच चारदा लावून पाहिलं, रबरी रिंगही तपासली. त्यात काबुली चणे अगदी लोण्यासारखे शिजतात. तुझे गुडघे कसे आहेत?

फक्त आत्याला त्याची भीती वाटते. शिट्टी वाजू लागली की ती जिन्यात जाऊन उभी राहते आणि तिथून ओरडते, "सेवेरिनो, जागचा हलू नकोस रे बाळा, घर उडेल!" वाफ कशी सोडायची ते शिकवू लागलो, तर म्हणाली, "तू असताना मी कशाला शिकू?" शेजारणींना सांगते, "भाचा आता इथलाच." गॅस रोज पेटतो आणि मी रोज त्याच्यासमोर उभा असतो.

बेनिग्नो मास्तर तिकडच्या गॅरेजमधली माझी जागा जूनमधल्या सान हुआनच्या सणापर्यंतच राखणार आहेत. हे आत्याला सांगितलं, तर म्हणाली, "गॅरेजं इथे काय कमी आहेत? आधी चणे बघ."

तुझी पत्रं ती जेवताना मोठ्याने वाचते. 'हवे तितके दिवस ठेवून घ्या त्याला,' असं तू लिहिलंस, ते तर ती सगळ्यांना ऐकवते. या वेळी लिही की तूही कुकर घेतला आहेस आणि घरात कुणी त्याला हात लावायला धजत नाही. मला घरी सोडायला दुसरं कुठलंही कारण तिला पटणार नाही. खोटं लिहिणं जिवावर येत असेल, तर खरोखरच एक घे.

बाबांना सांभाळ.

तुझा,
सेवेरिनो