पिंजरा तीनमधल्या अळ्या

८ सप्टेंबर, सोम.
विसर्जनामुळे दोन दिवस रस्ते बंद, म्हणून कॉलेजच्या प्राणिगृहात गेले नाही. आज गेले. पिंजरा ३ मधल्या उंदरांच्या पाठीवरच्या जखमा हलत होत्या. आधी वाटलं, श्वासाने. चष्मा पुसून पाहिलं. अळ्या.

खिडकीची जाळी कोपऱ्यात फाटलीय. माश्या आत आल्या, जखमेत अंडी घातली, आणि मी दोन दिवस खोलीवर झोपा काढल्या.

जखमा मीच केलेल्या. दगडी पाल्याचं मलम लावून किती दिवसांत भरतात, हा माझा पीएच.डी.चा विषय. सांगायलाही लाज वाटते आता.

९ सप्टें., मंगळ.
दिवसभर चिमटा. एकाच उंदरातून एकोणीस काढल्या. मिठाच्या पाण्याने धुतलं. तासाभराने परत तेच, अजून खोलातून वर येतात. सहाही उंदीर केस फुलवून कोपऱ्यात. खात नाहीत.

गाइड सरांना फोन केला. "जाळीचं आधी का नाही कळवलंस?" जूनमध्ये अर्ज दिलाय, सही सरांचीच आहे. मी 'सॉरी सर' म्हटलं. सर म्हणाले, "काहीही करून हा गट वाचव. नवीन उंदरांची परवानगी यायला सहा महिने जातील." माझी फेलोशिप डिसेंबरात संपते.

पशुवैद्य वडिलांच्या श्राद्धाला साताऱ्याला. परवा बघू म्हणाले. परवापर्यंत बघायला काय उरणार आहे.

१० सप्टें., बुध.
दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, चिमट्याचं टोक वाकलं. भुवयांच्या चिमट्याने काढतेय.

जयसिंगपूरहून आईचा फोन. "गणपतीला आली नाहीस, आता तरी ये." म्हटलं, उंदरांना बरं नाही. आई खो खो हसली. मीपण हसायला गेले आणि रडूच आलं. फोन ठेवला.

शिवामामा दारात होते. प्राणिगृहाची झाडलोट, चारा-पाणी सगळं तेच बघतात, कंत्राटावर. मला रडताना पाहिलं. न पाहिल्यासारखं करून झाडू मारत राहिले.

११ सप्टें., गुरु.
सकाळी दार उघडलं तर रंगाच्या दुकानात येतो तसा वास. पिंजरा ३. पाच मेलेले. सहावा कुशीवर पडून पाय झाडतोय.

मामा म्हणाले, "टर्पन घातलं. म्हशीच्या जखमंत किडं पडलं की आमी त्येचाच बोळा घालतोय. दुपारपतूर किडं भाईर."

"मामा, म्हैस पाचशे किलोची असते. हा पंचवीस ग्रॅमचा जीव."

"पर किडं भाईर पडलं की."

खरंच पडले होते. भुशावर मेलेल्या अळ्या, शेजारी मेलेले उंदीर. मी ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, वडिलांच्या वयाचा माणूस आहे. ते ऐकून घेत होते. माझं संपल्यावर हळूच म्हणाले, "काल इच्यारलं हुतं म्याडम. तुमी व्हय म्हनलासा."

काल संध्याकाळी पाच वाजता. मी मायक्रोस्कोपला डोळा लावून. मामा मागून काहीतरी विचारत होते. मी 'हं' म्हणाले. नीट आठवतंय.

१२ सप्टें., शुक्र.
सरांना सांगितलं. 'हं' सोडून सगळं.

सोमवारी लेखी अहवाल, एथिक्स कमिटीपुढे जाणार. सर म्हणाले, "औषध कुणी घातलं, त्याचं नाव लागेल. शिवाचं लिही. कंत्राटी माणूस आहे, दुसरा मिळेल. तुझ्या सांगण्यावरून झालं असं आलं तर तुझं काम कायमचं बंद."

सर माझ्या भल्याचंच बोलत होते. मी मान डोलवली. मान डोलवायची सवयच लागलीय मला.

१३ सप्टें., शनि.
सहावा जिवंत आहे. ड्रॉपरने पाणी घेतो. अहवाल दोनदा लिहिला, दोनदा फाडला. झोप नाही, भूक नाही, कुणाला सांगायची सोय नाही.

१४ सप्टें., रवि.
सुट्टी असून मामा आले. सहाव्याचा भुसा बदलला, हात धुतले, आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "माझंच नाव घाल पोरी. मला काय, उचगावात कुनाच्या बी गोठ्यात काम मिळंल. तुझी साडेतीन वर्सं हायत."

आजवर म्याडम म्हणायचे.

लिहून ठेवते, नाहीतर उद्या स्वतःशीच नाकारेन: हे ऐकून मला आधी हायसं वाटलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं. मग त्यांच्याकडे बघवेना. ते सायकल काढून गेले तरी मी भिंतीकडेच बघत होते.

तिसऱ्यांदा लिहायला बसलेय. इतकं झालंय: 'दि. १० रोजी सायंकाळी पाच वाजता त्यांनी टर्पेंटाईन घालण्याबाबत मला विचारले व मी'

इथे थांबलेय. उद्या अकराला सरांच्या टेबलावर द्यायचाय.