दोन वैशाख

गुदैबिया, बहारीन
५ मार्च १९९१

चि. मालूस,
दत्तूदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं जानेवारीतलं पत्र परवा हातात पडलं. लढाईमुळे टपाल कुठेतरी अडकलं होतं. लढाई संपली, आता काळजी नको. कुवेतच्या तेलविहिरी अजून जळताहेत, त्यामुळे दोरीवर वाळत घातलेला सदरा काळा होऊन येतो, एवढंच. हे आईला वाचून दाखवू नकोस. दत्तू वेळेवर जेवतो, असं वाच.

तुझं लग्न वैशाखात धरायचं ठरलं हे वाचून मी वर्कशॉपात सगळ्यांना खजूर वाटले. इथे एसी दुरुस्तीला सगळे पंजाबी, मराठी बोलणारा मी एकटा. म्हणून फोरमन इक्बालभाईंकडून त्यांची भाषा शिकतोय. ते पाकिस्तानातल्या एका खेड्यातले, मूळचे शेतकरी. अज्ज म्हणजे आज. कल्ल म्हणजे काल, आणि उद्यासुद्धा! काम झालंय की व्हायचंय, हे त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखायचं. गेलं वर्ष ते परूं, त्याआधीचं ते परार. मला घर सोडून त्याहूनही जास्त वर्षं झाली, त्या वर्षाला काय म्हणतात विचारलं, तर म्हणाले, त्याला शब्द कशाला हवा, आता घरीच जा.

महिने मात्र आपलेच निघाले. चेत म्हणजे चैत्र, विसाख, जेठ, हाड, असे पुढे पोह म्हणजे पौषापर्यंत. ते शिकलो म्हणून रजेचं काम झालं. तुमच्या मुहूर्ताची वाट बघत बसलो असतो तर रजेची यादी बंद झाली असती. इक्बालभाईंनी बोटांवर मोजून सांगितलं की विसाख चौदा एप्रिलला लागतो. मी चौदा एप्रिल ते तेरा मे असा अख्खा महिनाच मागून घेतला. गुरुजींनी कुठलाही दिवस काढू दे, मी मांडवात हजर. खलास! बाबा गेले त्या वेळी मी पोचलो नाही, ते मनातून जात नाही. तुझ्या लग्नात तरी आईच्या शेजारी उभा राहीन.

आईला साष्टांग नमस्कार. माया आहे तशीच असू दे, येतोच आहे ती घ्यायला.

तुझा,
दत्तूदादा


कोंडये, ता. राजापूर
१८ मार्च १९९१

ती. दादास,
मालूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडील सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. काल पाडव्याला गुरुजी नवं पंचांग घेऊन आले. गुढीला नमस्कार करून वाचायला बसले आणि म्हणाले, यंदा वैशाख अधिक आहे. दादा, तू घेतलास तो जवळजवळ सगळा धोंड्याचा महिना. त्यात लग्न नाही, मुंज नाही, काही नाही. खरा वैशाख त्यानंतर, पंधरा मेला लागतो. मुहूर्त निघाला बावीस मेचा.

पुढे ढकला म्हणून काकांनी मुलाकडच्यांना विचारलं. पण मुलगा घरात थोरला, आणि थोरल्याचं लग्न ज्येष्ठात करत नाहीत. मग पाऊस, मग चातुर्मास. म्हणजे थेट दिवाळीनंतर, आणि तोवर थांबायला ते तयार नाहीत.

पंजाबी शिकण्याआधी घरच्या पंचांगाला विचारायचंस ना! रागाने लिहितेय हे कळतंय मला. पण राग कुणावर काढू? आई गुढीची गाठी हातात धरून बराच वेळ ओटीवर बसली होती. नंतर एवढंच म्हणाली, दत्तूला लिही, साहेबांना सांगून बघ म्हणावं.

लगेच उत्तर पाठव. लोभ धर, आणि जमलं तर साहेबाचे पायही धर.

तुझी,
मालू


गुदैबिया
३१ मार्च १९९१

चि. मालूस अनेक आशीर्वाद.

पत्रातलं सगळं इक्बालभाईंना समजावून सांगितलं. त्यांना एकच महिना दोनदा येतो हे पटेचना. त्यांचे महिने सूर्याबरोबर चालतात, कधी थांबत नाहीत की पुन्हा येत नाहीत. आपले चंद्रामागून येतात, हे मी विसरलो. आपल्याला चार शब्द आले याचा फार दिमाख झाला होता मला. चूक माझी आहे, पण ते स्वतः साहेबांकडे जाऊन माझ्यामुळे झालं म्हणाले. साहेब मला म्हणाले, एका वेळी एकच माणूस सुटेल. तुझ्यानंतर वर्कशॉपातल्या लतीफचा नंबर आहे, त्याच्याशी बदलून घे.

लतीफला विचारलं. मालू, तो लगेच हो म्हणाला. पण घरी फिरवलेली तारीख कळवायला कागद घेऊन बसला तेव्हा त्याच्या उशाशी मुलीचा फोटो होता. पोरगी दोन वर्षांची झाली, त्याने तिला अजून पाहिलेली नाही. घरी तिला शिकवताहेत की अब्बा या दिवशी येणार. मीच त्याच्या हातातून कागद काढून घेतला.

तुला काय तोंड दाखवू कळत नाही. अधिकात येतो. मांडवाचे वासे आणून ठेवीन, ओटी सारवून घेईन, पडवीचं छप्पर शाकारीन. लग्न सोडून सगळं करीन. आईला तूच सांग, माझ्याने लिहवत नाही. माया तोडू नका.

तुझा,
दादा


लांजा
२८ मे १९९१

ती. दादास सा. नमस्कार वि. वि.

सासरहून हे पहिलं पत्र. तू बांधून ठेवलेल्या मांडवाचं सगळ्यांनी कौतुक केलं. अकरा तारखेला तू एसटीत चढलास तेव्हा मी खाली रस्त्यावर आले नाही, रागावून नव्हे. आले असते तर तुला सोडलं नसतं. लतीफवर मी पंधरा दिवस रुसले होते. आता आईच देवाजवळ दिवा लावताना त्याच्या मुलीचं नाव घेते.

कन्यादान काकाकाकूंनी केलं. सगळं नीट चाललं होतं, मग कानपिळीची वेळ आली. गुरुजींनी नवऱ्याचा कान पिळायला नवरीच्या भावाला पुढे बोलावलं आणि मला रडूच आवरेना. काकांचा उज्ज्वल पुढे झाला. तर यांनी आपल्या कानावर हात ठेवला आणि भर मांडवात सांगितलं की हा कान बहारीनवाल्यांचा आहे, दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. गुरुजी विधी अपुरा राहतो म्हणून कुरकुरले. आई पहिल्यांदा हसली, आणि राहू दे म्हणाली.

तेव्हा दादा, कान तसाच ठेवला आहे. तू ये. चेतात ये, पोहात ये, अधिकात ये. कान पिळायला मुहूर्त लागत नाही.

तुझी वाट पाहणारी,
मालू