सपाट रेघेला दिलेला शॉक

प्रिय कोरीन,

क्लीव्हलँडात अजून बर्फ हटलेला नाही. तू तिकडे लॉस एंजेलिसच्या उन्हात खोट्या डॉक्टरांना खरं हॉस्पिटल शिकवतेस, तुला काय त्याचं! इतकी वर्षं माझ्याबरोबर इमर्जन्सीत नर्स म्हणून राबलीस, आता टीव्हीवरच्या हॉस्पिटल-मालिकेची सल्लागार झालीस. बरं केलंस बाई.

तुझी मालिका इथे सगळे बघतात. रक्ताने चिकट झालेली फरशी, व्हरांड्यात ताटकळणारे पेशंट, उभ्याउभ्या सँडविच कोंबणारा डॉक्टर, सगळं हुबेहूब. स्ट्रेचर ढकलणारा आपला व्हर्जिल म्हणाला, "पगार मिळतो म्हणून येतो, नाहीतर घरी बसून हेच बघितलं असतं." मला मात्र बघताना काही वाटत नाही. हल्ली खरं बघतानाही वाटत नाही, तेव्हा दोष तुझ्या मालिकेचा नाही.

फक्त तो एक भाग. मॉनिटरवरची हृदयाच्या ठोक्यांची रेघ सपाट होते, डॉक्टर छातीला विजेचा शॉक देतो आणि पोरगा डोळे उघडतो. सपाट रेघेला शॉकचा उपयोग नसतो, छाती दाबत राहायचं, औषध द्यायचं, हे तुला मी काय सांगणार? दिग्दर्शकाशी तू भांडलीसही. "नुसती छाती दाबताना कोण बघत बसेल?" असं तो म्हणाल्याचं तूच फोनवर सांगितलंस आणि आपण दोघं हसलो.

आता हसू येत नाही. तू इथून गेल्यानंतर कर्टिस प्रुइट नावाचा मुलगा माझ्या हातात गेला; त्याचीही रेघ अशीच सपाट झाली होती. त्याची आई, ओडेसा, एका शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते. तिने तो भाग पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी मक्याचा पाव घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. आरडाओरडा नाही, काही नाही. "डॉक्टर, माझ्या कर्टिसला शॉक का नाही दिलात? टीव्हीतलं पोरगं तर उठलं." मी समजावलं. दर गुरुवारी समजावतो. ती मान डोलावते, "तुम्हीही बिचारे दमला असाल त्या दिवशी," म्हणते आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा येते. तिची झोप उडालीय. मुलाला दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं असतं तर वाचला असता, असं तिने मनाशी पक्कं धरलंय. बाकीचं सगळं तू इतकं खरं दाखवलंस ना, म्हणून ती एक थापही खरी ठरली.

तर काम असं आहे. तिचा माझ्यावर विश्वास नाही, आणि खरं सांगू, मला त्याचं वाईटही वाटत नाही. पण तुमच्या मालिकेतल्या डॉक्टरवर आहे. "तो खोटं बोलायचा नाही," म्हणते. त्या नटाला तिच्याशी फोनवर बोलायला सांग. थातुरमातुर सांत्वन नको. टीव्हीतलं ते नाटक होतं, कर्टिसला शॉकचा काही उपयोग झाला नसता, आणि करण्यासारखं होतं ते सगळं त्याच्या डॉक्टरने केलं, एवढंच सांगावं. गुरुवारी दुपारी ती इथे असेल तेव्हाच फोन येऊ दे. मी स्पीकर चालू ठेवीन आणि तिच्या शेजारीच बसेन. शेवटचं ते वाक्य मलाही कुणाच्या तरी तोंडून ऐकायचंय.

तुझाच,
लेलँड