दुसऱ्याचं वाक्य

सोमवार, ३ मार्च
आज दुकानात शोभा झाली. एक आजी नवा चष्मा परत घेऊन आल्या — धूसर दिसतं म्हणाल्या. डोळे मीच तपासले होते! मालकांनी त्यांना पुन्हा तक्त्यासमोर बसवलं. चौथ्या ओळीवर त्या अडखळल्या आणि मी पुढचं अक्षर सांगून मोकळा. मालक हळूच म्हणाले, "वाचायचं त्यांनी असतं. तुम्ही नाही."
एकवीस वर्षं हेच काम करतोय. किती जणांच्या नाकावर चुकीचा नंबर चढवला, कोण जाणे.

मंगळवार, ४ मार्च
दुपारपर्यंत अकरा जणांचं बोलणं मध्येच तोडलं. नंतर मोजायचं सोडलं.

गुरुवार, ६ मार्च
धाकट्या बहिणीला फोन केला. विचारलं, मी फार मध्ये बोलतो का गं? आधी हसली. मग म्हणाली, वहिनी होती तेव्हा तुला सांगायचं ते आम्ही तिच्या कानावर घालायचो. ती तुझा रागरंग बघून सांगायची. ती गेल्यापासून आम्ही सांगायचंच सोडलं.
दोन वर्षं मला वाटत होतं, सगळे आपापल्या संसारात गुंतलेत.

रविवार, ९ मार्च
लेकीचा फोन. आज गप्प बसायचं, पक्कं ठरवलं होतं. ती "बाबा, मी..." म्हणाली आणि माझी गाडी सुटली — दमली असशील, घरात पसारा असेल, जावई जेवायचे थांबले असतील, ठेव आता. तिने ठेवला. जित्याची खोड, दुसरं काय! नंतर रिकाम्या खुर्चीसमोर एकटाच जेवलो.

बुधवार, १२ मार्च
समोरचा बोलू लागला की जीभ टाळूला चिकटवून ठेवतो. आज एक गवंडी आला. डाव्या डोळ्याचं काहीतरी सांगता सांगता थांबला. मीही थांबलो — घाम फुटला, पण थांबलो. मग म्हणाला, वर्षभर त्या डोळ्याने दिसतच नाही, घरी कुणाला बोललो नाही. लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवला.

शुक्रवार, १४ मार्च
दुकानात जमतंय. घरी सराव करायचा कुणावर?

रविवार, १६ मार्च
लेकीचा फोन. "बाबा, मी..." आणि थांबली. मी तोंडावर हात दाबून धरला. बराच वेळ नुसता तिचा श्वास. मग म्हणाली, "त्याचं घर सोडून मला आठ महिने झाले. एकटीच राहते."
आठ महिने. दर रविवारी.
"बाबा, ऐकताय ना?"
"ऐकतोय. बोल."