सिंधूबाईंच्या बांधीतलं पाणी

५ नोव्हेंबर, लाखांदूर
सकाळीच सिंधूबाई आल्या, धानाची कापणी अर्धी टाकून. ST स्टँडसमोर एका उमेदवाराच्या प्रचारफलकावर त्यांचा हसरा फोटो. खाली: ‘माझ्या बांधीत नहराचं पाणी आलं!’ फोटो धानाच्या रोवणीच्या वेळी त्याच शेतात कुणी काढून नेलेला.
“भाऊ, पाणी आलंच नाही. पण बाया म्हणतात, तुले भेटलं तं आमाले सांगितलं काहून नाही? बोरिंगवर पाणी भरतानी कोणी बोलून नाही राहिलं माह्याशी.”
मी पेपरात होतो, म्हणून माझ्याकडे.

६ नोव्हें.
सिं.सोबत निवडणूक कार्यालयात. साहेब सभ्य. फलकाला परवानगी आहे, खर्च दाखवलाय. मजकूर खरा की खोटा? “ते आमच्याकडे येत नाही.” मग कुणाकडे? साहेबांनी पंखा वाढवला. नोव्हेंबरात.
बाहेर येऊन सिं.: “मंग असा एखादा ठेवा ना तपासाले, जो कोणाचाच नाही.”
निवेदनाचा मजकूर मिळाला. राजकीय जाहिरातींचा खरेपणा तपासणारी स्वतंत्र यंत्रणा हवी. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत सह्या घ्यायच्या. वीस वर्षांनी धावपळ. बरं वाटतंय.

८ नोव्हें.
पत्रकं छापून आली, पाचशे. सिं.ना ऐटीत वाचून दाखवलं: ‘सिंधूबाईंच्या गावात एकाही बांधीत पाणी आलेलं नाही.’
“खोटं आहे हे. माह्या भासऱ्याच्या दोन बांध्यांत आलं ना!”
थोरल्या दिरांचं शेत नहराला लागून. मी विचारलंच नव्हतं. मजकूर हाती आला की छापायला, ही डेस्कवरची जुनी खोड.
आमची ही इतकी हसली की चहा सांडला. “जन्मभर लोकांच्या चुका काढल्या. घ्या आता घरची.”

९ नोव्हें.
ओसरीवर तिघं, तीन लाल पेनं. पाचशे दुरुस्त्या: ‘एकाही’ खोडून ‘दोन सोडून एकाही’. मी म्हटलं, वर चिकटपट्टी लावू. सिं. ऐकेनात. “झाकलं तं त्यायच्यात अन् आपल्यात फरक काय? खोडलेलं दिसू द्या.”
हात दुखतोय. मजा आली.

११ नोव्हें.
मंडई! जिलेबीच्या दुकानाशेजारी आमचं टेबल. लाल रेघ बघून लोक थांबतात. एक म्हातारबा: “सोताचंच खोडणारे आजच पाह्यले,” आणि सही.
सिं.च्या गावच्या बाया आल्या. पत्रक वाचलं. “दोन बांध्या कोणाच्या वो?” “भासऱ्याच्या.” “म्हणजे तुह्या नाही?” “नाही नं माय!” मग जे हसल्या सगळ्या. बोरिंगवर अबोला धरणारीनेच सिं.ना जिलेबी भरवली.
दुपारी दंडारीच्या नाटकात राजा आपले पराक्रम सांगत होता. विदूषकानं कमरेतून आमचंच लाल पेन काढलं. टाळ्या थांबेनात. (पेन परत मिळालं नाही.)

१३ नोव्हें.
निवेदन उद्या पोस्टात. फलक अजून तिथेच.
आत्ता त्या उमेदवाराचा कार्यकर्ता आला, फलकाचा नवा मजकूर घेऊन. “काकू, फोटो राहू द्या. मजकूर तुम्हीच तपासून द्या, मंग तर झालं?”
सिं.: “मी कायले? फलक तुमचा, फोटो माहा. दोघंही यातलेच. तिसरा पाहिजे.”
“तिसरा कुठून आणू?”
“तेच तं मांगून राहिलो आमी. करता का सही?”
पेन घेतलं त्यानं. म्हणाला, आधी वाचतो.
ओसरीवर बसून वाचतोय अजून. हिनं त्याच्याही नावाचा चहा टाकलाय.