मिठागरात पडलेले विमान माझे असल्याबाबत

प्रति,
मा. पोलीस पाटील,
मौजे खारमाची, ता. पेण, जि. रायगड

विषय: श्री. मिथुन यांचा ड्रोन परत देणे व माझे विमान ताब्यात घेणे.
संदर्भ: दि. १४ मे रोजीची गावबैठक.

महोदय,

१. मी कुवेतमध्ये चोवीस वर्षे नोकरी करून गावी परतलो आहे. तिकडे सुट्टीच्या दिवशी रिमोटवर चालणारी छोटी विमाने उडवीत असे. पुढे संसाराच्या व्यापात तो छंद सुटला. यंदा माळा साफ करताना जुने विमान सापडले. नवी बॅटरी मागवून मी दुपारचा खाडीकाठच्या खारबांधावर जाऊ लागलो. पत्नी मलिका हिला शेत बघायला जातो असे सांगत असे, कारण साठीत खेळणे घेऊन निघालो हे सांगायची लाज वाटे. पहिल्या दिवशी विमान वर गेले तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो, हेही नमूद करतो.

२. दि. १२ मे रोजी वाऱ्याने विमान मिठागराकडे ओढले गेले व मला ते वळवता आले नाही. डोक्यावर मिठाची टोपली घेऊन चाललेल्या सगुणाबाईंच्या खांद्यावर ते आदळले. त्या पडल्या व त्यांचे मनगट मोडले. मी धावत गेलो, परंतु त्यांच्यापाशी नव्हे. बांधालगत पडलेले विमान उचलले आणि मागे फिरलो. त्या कण्हत होत्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

३. त्याच दुपारी गावात लग्न होते व रोह्याचे फोटोग्राफर मिथुन यांचा ड्रोन हवेत होता. "पांढरं कायतरी उडत आलं," एवढेच सगुणाबाई सांगू शकल्या. बैठकीत मिथुन यांनी ड्रोन मंडपाबाहेर गेला नसल्याचे चित्रण दाखवले. मी परदेशात राहिलेला, मला यंत्रातले कळते, म्हणून आपण माझे मत विचारलेत. चित्रणात नंतर फेरफार करता येतो, असे मी म्हणालो. त्या एका वाक्यावर ड्रोन ग्रामपंचायतीच्या कपाटात गेला. ऐन लग्नसराईत मिथुन तेव्हापासून रिकामे बसले आहेत.

४. यानंतर मी तीनदा फळे घेऊन सगुणाबाईंकडे गेलो. दर वेळी सांगायचे ठरवून गेलो आणि मनगटाची चौकशी करून परत आलो. तिसऱ्या खेपेस त्या म्हणाल्या, "लतीफभाय, तुमच्याएवडी विचारपूस घरच्यांनी पन केली नाय." त्या रात्री मला जेवण गेले नाही. मलिकाने कारण विचारले, तेव्हा तिला सर्व सांगितले. ती एवढेच म्हणाली की आधी त्या बाईकडे जा.

५. आज सकाळी गेलो व सांगितले. सगुणाबाईंनी विचारले, "मी पडलेली तुमी बघितलीत?" मी होय म्हणालो. त्यांनी सुनेला, ऋतुजाला, आत ठेवलेली फळांची पिशवी आणायला सांगितली आणि ती माझ्या हातात परत दिली.

तरी विनंती की, श्री. मिथुन यांचा ड्रोन आजच परत द्यावा, मी बैठकीत बोललो ते खोटेपणाचे होते हे सर्वांसमोर वाचून दाखवावे, आणि माझ्यावर योग्य ती कारवाई करावी. विमान व रिमोट सोबत जमा करीत आहे. काही महिन्यांनी मी ते परत मागण्यासाठी अर्ज करण्याची शक्यता आहे. मी स्वतःला ओळखतो. तो अर्ज कृपया नामंजूर करावा.

आपल्या निर्णयास बांधील,
लतीफ हुसेन मुकादम
दि. २७ मे २०२४